बोटीतला ओढून काढायचा शॉवर-नळ गळतोय, पण नेमका कुठून?

शिडवारा

नमस्कार मंडळी. महिनाभर एका गळतीच्या मागे लागलोय आणि आता डोकं चालेनासं झालंय, म्हणून धागा काढतोय.

बोट शिडाची, ३४ फुटी. बाथरूममध्ये वेगळा शॉवर नाही. बेसिनवरच्या मिक्सर नळाचं तोंड धरून ओढलं की आतून दीड मीटर पाइप बाहेर येतो, तोच शॉवर. वापर झाला की पाइप परत आत सरकतो आणि बेसिनखालच्या कप्प्यात वेटोळं होऊन बसतो. पाइप बाहेरून स्टीलच्या गुंडाळीचा आहे.

त्याच कप्प्यात पाणी साठतंय. संध्याकाळी फडक्यानं टिपून कोरडा करावा तर सकाळी तळाला बोटभर पाणी. शिवाय रात्री कुणीही नळ उघडलेला नसताना पाण्याचा पंप आपोआप सुरू होतो, दोन-तीन सेकंद घरघरतो आणि थांबतो. एक रात्र घड्याळ घेऊन बसलो, साधारण दर १२ मिनिटांनी.

टॉर्च लावून पाहिलं तर शॉवरचा पाइप खाली जिथे नटानं जोडलाय तिथे थेंब लोंबत होता. नट उघडून वायसर बदलला. थेंब तसाच. मग आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून नट आणखी आवळला. तरी तसाच. आता नळाची कार्ट्रिज (दांडीखालचा, पाणी उघड-बंद करणारा आतला भाग) बदलायचं मनात आहे. कुणी हे केलंय का?

नांगरगडी

कार्ट्रिज आत्ताच मागवू नका. कार्ट्रिज गेली की नळ बंद असतानाही तोंडातून पाणी ठिबकतं, नाहीतर दांडीच्या खाली, टोपीच्या कडेनं पाझरतं. तुमच्या लिहिण्यात यातलं काहीच नाही.

टेफ्लॉनबद्दल सांगतो, कारण ही चूक मीही वर्षानुवर्षं केली. ज्या जोडात सपाट वायसर आहे तिथे पाणी वायसर अडवतो, आट्या नव्हे. टेप गुंडाळल्यानं नट जड जातो, आपल्याला वाटतं घट्ट बसला, आणि वायसर मात्र पुरता दाबलाच जात नाही. टेप काढून टाका, आट्या जुन्या टूथब्रशनं साफ करा, वायसर कोरडा बसवा. नट हातानं बसेल तितका बसवून पान्यानं फार तर पाव फेरा. त्याहून जास्त आवळलात तर रबर बाहेर फुगून कापलं जातं.

आणखी एक. ते पाणी गोडंच आहे ना? कप्प्यात समुद्राचं पाणी येत असेल तर प्रश्न नळाचा उरत नाही, आणि तो फार गंभीर आहे. काचेवर चार थेंब वाळू द्या. खाऱ्या पाण्याची पांढरी खडे-खडे खपली राहते.

ओंजळ

पंपाबद्दल एक शंका. डायफ्रॅम पंपाच्या आत पाणी मागे जाऊ न देणारे छोटे व्हॉल्व्ह असतात. त्यात कचरा अडकला तर नळीतलं पाणी हळूहळू टाकीत परत जातं, दाब उतरतो आणि पंप मधूनमधून चालू होतो. बाहेर कुठेही थेंब नसतो. आमच्या बोटीवर असंच झालं होतं, आणि न झालेली गळती शोधत मी अख्ख्या बोटीच्या फळ्या उचकटल्या होत्या. तुमच्या कप्प्यात पाणी दिसतंय, म्हणजे गळती आहेच. पण पंपाचं घरघरणं त्याच गळतीमुळे आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. दोन वेगळे बिघाड एकाच वेळी असू शकतात.

पंपानंतर लगेच बंद करायचा कॉक असेल तर रात्री तो बंद करून पाहा. तरीही पंप चालू झाला तर दोष पंपातच.

शिडवारा

@नांगरगडी, खपली नाही, पाणी गोडंच आहे. जीव भांड्यात पडला. टेप काढली, वायसर कोरडा बसवला. थेंब आहेच.

@ओंजळ, कॉक आहे. रात्री बंद केला, पंप गप्प राहिला. म्हणजे पंप निर्दोष.

दर्यासारंग

धागा सुरुवातीपासून वाचला. जहाजांच्या नळकामात उमेदीची वर्षं घालवली आहेत, त्यावरून लिहितो. गळतीत पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा असतो: कुठल्या क्षणी कुठल्या नळीत दाब असतो? दाब नाही तिथे गळती नाही.

तुमची रचना डोळ्यांपुढे आणा. टाकीतून पंप, पंपातून गार पाण्याची एक नळी आणि गीझरमधून येणारी गरम पाण्याची दुसरी. दोन्ही मिक्सरपर्यंत येतात. इथवर चोवीस तास दाब. मिक्सरच्या पुढे शॉवरचा ओढायचा पाइप आणि टोकाला हातात धरायचा शॉवर. मिक्सरची दांडी बंद असेल तर या पुढच्या भागात दाब नसतो. आतलं उरलेलं पाणी सांडेल, संपेल, आणि पंपाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

तुमचा पंप रात्रभर चालू होतोय. म्हणजे एकतर गळती मिक्सरच्या अलीकडे, गरम-गार नळ्यांच्या जोडांत आहे, नाहीतर मिक्सर बंदच होत नाही. म्हणून विचारतो: हातातल्या शॉवरवर पाणी थांबवायचं बटण आहे का? आणि तुम्ही पाणी दांडीनं बंद करता की बटणानं?

शिडवारा

बटण आहे. आणि दर्यासारंगकाका, तुम्ही नेमकं पकडलंत. गरम-गार एकदा जुळवलं की आम्ही दांडी तशीच उघडी ठेवतो, बटणानंच बंद करतो. बोटीवर पाणी मोजून वापरायचं, मग दर वेळी जुळवताना वाया कशाला घालवा, असा विचार.

दर्यासारंग

मग तुमचा शॉवरचा पाइप दिवसरात्र पूर्ण दाबाखाली आहे. बोटीचा पंप साधारण २.८ बारला, म्हणजे ४० पीएसआयला बंद होतो, तेवढा दाब त्या पाइपावर झोपेतसुद्धा. पुष्कळ पाइप फक्त वाहत्या पाण्यासाठी बनवलेले असतात, पुढचं तोंड उघडं आहे असं धरून. त्यांना असं कायम ताणून ठेवलं की ते लवकर जातात.

दुसराही तोटा आहे. दांडी मधोमध उघडी आणि बटण बंद, म्हणजे गरम आणि गार नळ्या मिक्सरच्या आत एकमेकींना जोडल्या गेल्या. मध्ये एकदिशा व्हॉल्व्ह नसतील तर एकीकडचं पाणी दुसरीकडे शिरतं. तुमच्या ओट्यावरच्या गार नळातून सुरुवातीला कोमट पाणी येतं का?

आज रात्री करायचं एवढंच: दांडी पूर्ण खाली, मग बटण दाबून पाइपातला दाब मोकळा करा आणि झोपा. पंपानंतरचा कॉक मात्र उघडा ठेवा, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. पंप गप्प राहिला तर गळती मिक्सरच्या पुढे. चालू झाला तर अलीकडे.

शिडवारा

काय सांगू! रात्रभर पंप एकदाही वाजला नाही. सकाळी कप्प्यात जेमतेम ओल.

आणि हो, ओट्यावरचा गार नळ उघडला की पहिलं भांडंभर पाणी कोमट येतं. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की नळी इंजिनाजवळून जाते म्हणून तापते.

म्हणजे खालचा नट नाहीतर पाइप. नट तर तीनदा केला.

मधली_फळी

स्टीलच्या गुंडाळीचा पाइप फसवतो. दिसतो एक, असतात दोन: आत रबराची किंवा प्लॅस्टिकची नळी, आणि तीच पाणी वाहते. बाहेरचं स्टील नुसतं चिलखत. आतली नळी वर कुठेही चिरली की पाणी चिलखताच्या आतून घरंगळत सगळ्यात खालच्या जागी जातं आणि तिथून ठिबकतं. तुमच्या कप्प्यात सगळ्यात खाली आहे तो नट. त्यामुळे नट बिचारा दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा भोगतोय.

याची खात्री करता येते. पंप बंद करून दाब उतरवा. शॉवर पूर्ण बाहेर ओढून उंच, आरशाच्या कडीला वगैरे टांगा. खाली कप्प्यात पाइप असा बांधा की त्याचा मधला भाग नटापेक्षा खाली लोंबेल, झोक्यासारखा. नटाभोवती आणि त्या झोक्याच्या तळाशी टिश्यू पेपर गुंडाळून रबर लावा. मग पंप चालू, दांडी उघडी, बटण बंद. अर्धा तास थांबा आणि कुठला कागद भिजला ते बघा. नटाचा भिजला तर गुन्हेगार नट. झोक्याचा भिजला तर पाणी पाइपाच्या आतून येतंय.

पाइप आधी बाहेरून अगदी कोरडा पुसून घ्या, नाहीतर जुनंच ओघळ कागदात उतरेल.

शिडवारा

२० मिनिटांत झोक्याचा कागद चिंब. नटाचा कागद कुरकुरीत कोरडा.

पाइप सोडवून बाहेर काढला आणि कॉकपिटमध्ये (डेकवरच्या उघड्या बैठकीत) बसून चिरला. शॉवरच्या मुठीत पाइप शिरतो तिथे दाबून बसवलेली पितळी कॉलर आहे. तिच्यापासून जेमतेम एक सेंटीमीटरवर आतल्या रबरी नळीला चीर. बोटांनी नळी सरळ धरली तर चीर दिसतही नाही, ओठ मिटल्यासारखी. वाकवली की तोंड उघडते, तांदळाच्या दाण्याएवढी. आपण शॉवर हातात धरला की पाइप नेमका तिथेच वाकतो, दर वेळी, त्याच बाजूला. त्या जागी रबर राखाडी आणि कडक झालंय, बाकी नळी अजून मऊ आणि काळी कुळकुळीत.

गळती होती मुठीपाशी, म्हणजे बेसिनच्या वर. आणि मी महिनाभर बेसिनच्या खाली डोकं घालून बसलो होतो.

नांगरगडी

फार छान शोधलंत, मंडळी. आता नवीन पाइप घेताना घाई नको. इथेच लोक दुसऱ्यांदा फसतात.

भिंतीवरच्या शॉवरच्या पाइपाला दोन्ही टोकांना सहसा अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आट्या असतात. ओढायच्या नळाच्या पाइपाचं तसं नसतं. मुठीकडे पुष्कळदा अर्धा इंची, पण दुसरं टोक नळाच्या बुडातून ओवायचं म्हणून बारीक ठेवतात. एम १५ बाय १ (१५ मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत १ मिलिमीटर अंतर) ही त्यातली नेहमी भेटणारी आटी. म्हणून जुना पाइप दोन्ही टोकांसकट जपून ठेवा आणि कॅलिपरनं मोजा. अर्धा इंची बीएसपीच्या बाहेरच्या आटीचा व्यास जवळपास २१ मिलिमीटर भरतो. नावात अर्धा इंच असला तरी आटी मोजून अर्धा इंच येत नाही, त्यानं गोंधळू नका.

बोट अमेरिकी बनावटीची असेल तर आणखी जपा. तिकडची अर्धा इंची एनपीटी (अमेरिकी मापाची आटी) आणि ही बीएसपी, दोन्हींत इंचाला १४ आट्या. त्यामुळे नट दोन फेरे बिनबोभाट चढतो आणि वाटतं जमलं. पण बीएसपीचा कोन ५५ अंशांचा, एनपीटीचा ६० अंशांचा, आणि पाइपाची एनपीटी निमुळती असते. पुढे जोर लावला की प्लॅस्टिकचा नट तडकतो.

ओंजळ

लांबीही तीच घ्या. लांब घेतला तर बरं, असं वाटतं, पण कप्प्यात वेटोळं मोठं होतं आणि पाइप परत आत सरकत नाही. आणि कप्प्याच्या आतून एकदा हात फिरवा, सावकाश. आमच्याकडे शेजारच्या फळीतून आलेल्या स्क्रूचं टोक कप्प्यात अर्धा सेंटीमीटर बाहेर आलेलं होतं आणि कापडी विणीचा पाइप दर ओढीला त्यावर घासत होता. स्क्रूवर रबरी टोपी बसवली.

शिडवारा

हात फिरवला. स्क्रू नाही, पण पाइप ज्यातून सरकतो त्या भोकाची कड खरबरीत निघाली. पॉलिश पेपरनं घासली.

मुठीतल्या ओ-रिंगा पण बदलू म्हणतो, उघडलंच आहे तर. त्यांना व्हॅसलीन चालेल का?

दर्यासारंग

नको. पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगमधल्या ओ-रिंगा बहुधा ईपीडीएम रबराच्या असतात. पेट्रोलियमपासून बनलेली कुठलीही गोष्ट, व्हॅसलीन असो की ग्रीस की तेल, त्या रबराला फुगवते. आज मऊसूत सरकेल आणि काही महिन्यांत रिंग खाचेबाहेर येईल. पिण्याच्या पाण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीस घ्या, बोटाच्या टोकावर मावेल तेवढंच.

मुठीच्या जाळीत क्षार साचले असतील. जाळी सुटी करून व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा. भोकं बुजली की पाणी कमी येतं आणि माणूस दांडी आणखी उघडतो.

आणि काम सुरू करण्याआधी हा क्रम मोडू नका. पंपाचा स्विच बंद. गीझरला किनाऱ्याची वीज जोडलेली असेल तर तीही बंद, कारण पाणी उतरलेल्या गीझरमध्ये कॉइल चालू राहिली तर ती जळते. मग सगळ्यात खालचा नळ उघडून गार-गरम दोन्हीकडचा दाब काढा. इंजिन नुकतंच चालवलेलं असेल तर थांबा. इंजिनाच्या कूलंटवर (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवावर) तापणाऱ्या गीझरच्या टाकीतलं पाणी ८० अंशांच्या आसपास जाऊ शकतं, आणि बोटीच्या बेसिनखाली डोकं घालून बसलेल्या माणसाला मागे सरकायला जागा नसते. तसं भाजताना मी पाहिलंय.

भरती_ओहोटी

मध्येच घुसतोय, पण विषय जवळचा आहे. माझ्याकडे असाच ओढायचा शॉवर बोटीच्या मागच्या बाजूला, उघड्यावर आहे, पोहून आल्यावर अंग धुवायला. झाकणाची डबी, आत मूठ आणि पाइप. गळती पाइपात नाही. डबीच्या कडेनं पावसाचं पाणी आत जातंय. हेही यातच येईल ना?

मधली_फळी

येईल, आणि तुमची गळती शिडवारांच्या गळतीपेक्षा जास्त मनावर घ्या. डबी बसवायला फायबरमध्ये भोक पाडलेलं असतं. ते भरीव फायबर असेल तर ठीक. पण पुष्कळ बोटींच्या डेकमध्ये दोन थरांच्या मधे बाल्सा लाकूड असतं. भोकाची कड उघडी राहिली तर पाणी त्या लाकडात शिरतं आणि आतल्या आत कुजवत जातं. वरून काही कळत नाही. बोटाच्या पेरानं टकटक करून बघा, चांगल्या जागी खणखणीत आवाज, कुजलेल्या जागी बद्द.

डबी काढा. कडेचं लाकूड ओलं असेल तर पूर्ण वाळेपर्यंत थांबा, आठवडे लागले तरी. मग कडेनं थोडं लाकूड कोरून ती खाच घट्ट केलेल्या इपॉक्सीनं भरा. पक्कं झाल्यावर नवं सीलंट लावून डबी बसवा. जुन्या सीलंटवर नवं थापू नका, ते धरत नाही.

थंडीत पाणी गोठतं अशा ठिकाणी बोट ठेवत असाल तर उघड्यावरच्या शॉवरमधलं पाणी पूर्ण काढून ठेवायचं, मिक्सरची दांडी मधोमध उघडी ठेवून. आत अडकलेलं पाणी गोठून फुगतं आणि मिक्सरचं अंग तडकतं. ती तडक दिसते थेट वसंतात, पहिल्यांदा पंप चालू केला की.

भरती_ओहोटी

टकटक केली. डबीच्या खालच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत आवाज बद्द येतोय. उद्या उघडतो. वेगळा धागा काढेन.

शिडवारा

काम झालं, सविस्तर लिहितो.

नवा पाइप दोन्ही टोकं जुळवून आणला. वरून ओवला, खाली नट हातानं बसवून पाव फेरा. पंप चालू केला आणि नटापाशी पुन्हा थेंब! क्षणभर पोटात गोळाच आला. दाब उतरवून नट उघडला, तर वायसर बसतो त्या गोल कडेवर माझ्याच जुन्या टेफ्लॉनचा केसाएवढा धागा चिकटलेला. नखानं काढला, कड पुसली, पुन्हा बसवला. आता टिश्यू पेपर सकाळपासून कोरडा आहे.

मुठीच्या दोन्ही ओ-रिंगा बदलल्या, जाळी साफ केली. दांडी बंद करायची सवय आता सगळ्यांना लावतोय. नळाशेजारी चिठ्ठी चिकटवली आहे: आधी दांडी, मग बटण दाबून दाब सोडा. पाणी थोडं जास्त जातं खरं, म्हणून जुळलेल्या जागी दांडीच्या कडेला नेलपॉलिशची खूण केली आहे. दांडी खुणेवर आणली की पाणी हवं तसं येतं.

गार नळातून कोमट पाणी यायचंही थांबलं.

ओंजळ

खुणेची कल्पना उचलतेय! कप्प्याच्या फळ्यांचं काय? महिनाभर भिजल्या असतील. गोड पाण्यानं लाकूड खाऱ्यापेक्षा लवकर कुजतं, त्यामुळे "गोडंच आहे" म्हणून सोडून देऊ नका.

शिडवारा

तळाच्या प्लायवूडचा एक कोपरा काळा पडलाय. टोच्यानं टोचून पाहिलं, टोच्या आत शिरत नाही, म्हणजे अजून कडक आहे. कप्प्याचं दार काढून ठेवलंय आणि आत छोटा पंखा लावलाय. वाळलं की कडा इपॉक्सीनं बंद करेन.

रात्री जाग आली तेव्हा सवयीनं कान पंपाकडे लागले. काही ऐकू आलं नाही, फक्त बोटीच्या अंगावर पाणी लागल्याचा आवाज.